दाह, सूज की शोथ? सातवीच्या वर्गासाठी शब्द हवा आहे

मी मुंबईत मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वर्ग सेमी-इंग्रजी, त्यामुळे वहीत 'इन्फ्लमेशन' आणि तोंडी "बाई, सुजलंय". या दोन शब्दांच्या मधे मला एक मराठी शब्द हवा आहे, म्हणून इथे विचारते.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत कबड्डी खेळताना एक मुलगा पटांगणात पडला, गुडघा चांगलाच खरचटला. दुसऱ्या दिवशी त्याला विचारूनच आम्ही सगळ्यांनी तो गुडघा नीट पाहिला. मधे पिवळसर पातळ खपली, भोवती बोटभर रुंदीची लाली, कडा जराशा वर उचललेल्या. शेजारच्या मुलीने आधी धड गुडघ्याजवळ हाताची मागची बाजू नेली, मग दुखऱ्या गुडघ्याजवळ. "हा तापलाय," ती म्हणाली. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे फळ्यावर घेतले: लाल झालंय, तापलंय, सुजलंय, ठणकतंय. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने लॅटिनमध्ये नोंदवलेली चार लक्षणं हीच. "आणि नीट वाकत नाही," हे त्या मुलाने स्वतःहून जोडलं. वैद्यकाच्या पुस्तकांत पुढे जोडलेलं पाचवं लक्षणही हेच, काम बंद पडणं.

मग मी वर मथळा लिहिला: दाह. आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, दाह म्हणजे आग ना? मग विझवायला नको?"

मला सांगायचं होतं बरोबर उलटं. इजा झाली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येतं, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, म्हणून सूज. त्याच वाटेने पांढऱ्या पेशी बाहेर पडून कामाला लागतात. म्हणजे दुरुस्ती सुरू झाली आहे, आणि आमचा शब्द मुलांना सांगतोय की काहीतरी जळतंय. 'दाहसंस्कार' त्यांनी ऐकलेला असतो, रसायनांच्या धड्यात 'दाहक' येतो. 'सूज' म्हणावं का? की 'शोथ'?

प्रतिसाद:
बाई, मी डॉक्टर आहे. 'सूज' कृपा करून नको. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला की कधीकधी खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. ती सूज खरी, पण तिथे लाली नाही, ऊब नाही, ठणका नाही. ते नुसतं साचलेलं पाणी. सूज हे एक लक्षण, दाह ही सगळी प्रक्रिया. यकृतदाह (हिपॅटायटिस), आंत्रपुच्छदाह (अपेंडिसायटिस) हे शब्द रुळलेले आहेत, मुलांना पुढे तेच भेटणार.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण प्रत्येक लाल गोष्टीला 'इन्फेक्शन' म्हणतो. पाय मुरगळतो तेव्हा एकही जंतू आत गेलेला नसतो, तरी घोटा तासाभरात टरारून फुगतो. उन्हाने त्वचा भाजते, तिथेही जंतू नाहीत, दाह आहे. संसर्ग म्हणजे बाहेरून आलेले जंतू, दाह म्हणजे शरीराचं उत्तर. एवढा फरक सातवीत पक्का झाला तर पुढे उठसूट अँटिबायोटिक मागणारी माणसं कमी होतील.

प्रतिसाद:
आग फक्त आपल्या शब्दात नाही. संस्कृत 'दह्' म्हणजे जाळणे, तसाच इंग्रजी शब्दही लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदावरून आलेला. 'शोथ'चं मूळ मात्र फुगण्यात आहे, म्हणजे डॉक्टर म्हणतात ती अडचण तिथेही आलीच.

सुश्रुतसंहितेतली कल्पना मला मुलांसाठी अधिक जवळची वाटते. तिथे व्रणशोथाच्या तीन अवस्था आहेत: आम, पच्यमान, पक्व. कच्चा, पिकत असलेला, पिकलेला. आपण गळू 'पिकलं' म्हणतो ती हीच प्रतिमा. आंब्यासारखं त्यालाही आपल्या वेळेने पिकू द्यायचं, घाईने फोडायचं नाही.

आणखी एक. संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. तोच शब्द झिजून मराठीत 'वण' झाला आणि अर्थ सरकला, जखम गेल्यावर उरते ती खूण.

प्रतिसाद:
मी गिरगावात वाढले, आता नातवंडांना सांभाळते. तुम्ही सगळे नामं शोधताय, पण मराठीने हे काम क्रियापदावर सोपवलंय. डोळे येतात. तोंड येतं. गळू येतं. पायाला ठेच लागून चिघळली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते. डास चावला की गांध उठते. 'माझे डोळे आलेत' हे वाक्य भाषेबाहेरच्या माणसाला कसं समजावणार! आपण मात्र ते पावसाळ्यात दर साथीला म्हणतो. यातल्या 'येणे'त जळणं नाही आणि मोडणंही नाही. काहीतरी आलंय, राहील, जाईल.

आणि ठणका! दुखणं, खुपणं, चुरचुरणं, झोंबणं, ठुसठुसणं, ठणकणं हे सगळे वेगळे आहेत. खरचटलेल्यावर पाणी पडलं की झोंबतं. पिकत आलेलं ठुसठुसतं. रात्री नाडीबरोबर उठतो तो ठणका. मुलांकडून हे शब्द वदवून घ्या, नाहीतर सगळ्याला 'पेन होतंय' म्हणतील.

प्रतिसाद:
आजींच्या 'येणे'ला माझं मत. मला दुसऱ्या एका शब्दाबद्दल बोलायचंय. जंतू गिळणाऱ्या पेशींना पुस्तकांत 'भक्षक पेशी' म्हणतात. आपल्याकडे 'रक्षकच भक्षक झाला' ही म्हणायची पद्धत, मग मुलांना या पेशी खलनायक वाटल्या तर चूक कोणाची? 'गिळणाऱ्या पेशी' म्हटलं तरी पुरे.

या पेशींची गोष्ट मुंबईच्या मुलांना सांगण्यासारखी आहे. 1882 साली सिसिलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉव्ह या प्राणिशास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक बारीक काटा खुपसला. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती हलत्या पेशींचा घोळका जमलेला. पायात रुतलेल्या काट्याभोवती काय होतं, ते तिथे उघड्यावर दिसलं. त्यांना 1908 चं नोबेल मिळालं. ओडेसात त्यांच्या हाताखाली शिकलेला विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. 1896 च्या प्लेगात ते मुंबईत आले, लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. लस टोचल्यावर दंड लाल होऊन दुखतो, तोही दाहच.

मूळ लेखिका:
सगळ्यांची आभारी आहे. डॉक्टर, 'दाह'च ठेवते, पण तासाच्या शेवटी. आधी मुलांचे पाच शब्द, मग आजींचं 'डोळे आले, तोंड आलं', आणि सगळं हाताशी आल्यावर त्याला नाव. आगीचा प्रश्न पुन्हा आला तर सांगेन की ही चुलीतली आग आहे. काम होईतो जळते आणि विझते. सांध्यांच्या काही आजारांत ती विझतच नाही, तेव्हा तीच घर जाळते आणि मग औषधाने आवरावी लागते. हा जुनाट दाह.

बऱ्या होण्याच्या शब्दावरही विचार केला. 'जखम बरी झाली'पेक्षा 'जखम भरली' हे मला अचूक वाटतं, कारण खोल जखम खरंच तळातून भरत येते. आधी रक्तपट्टिका गोळा होऊन रक्त साकळतं. काही तासांत पांढऱ्या पेशी पोचतात, मेलेलं आणि घाण साफ करतात. मग तळाशी लालसर दाणेदार नवं मांस धरतं आणि कडेची त्वचा त्यावर सरकत येते. वण पुढे कित्येक महिने घट्ट होत राहतो, तरी मूळ त्वचेच्या साधारण 80 टक्के ताकदीच्या पुढे जात नाही. हे वर्गात सांगितलं तेव्हा तो कबड्डीवाला मुलगा गुडघ्याकडे बघत बसला. त्याचं वरवरचंच खरचटलेलं, त्यामुळे वण राहणार नाही असं त्याला सांगितलं. खपलीची एक कड सुटली होती, आणि त्याचं बोट तिथेच होतं. "काढू नकोस, खाली काम चाललंय," हे त्याला मी सांगायच्या आधी शेजारच्या मुलीने सांगितलं.

प्रतिसाद:
बाई, यादीत 'नखुरडं' राहिलं. नखाच्या कडेला होतं ते. लाल, गरम, सुजलेलं, ठणकणारं, आणि पेन धरू देत नाही. पाचही लक्षणं एका बोटावर.