मदत हवी आहे: रीपरमध्ये पखवाजाचा फोल्डर खाली घेतला तरी त्याचा रिव्हर्ब मागे उरतो

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलंय आणि आता मिक्सिंगला बसल्यावर एका जागी अडले आहे. रीपर ७ हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर वापरते. इथे घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेकॉर्डिंग देवळाच्या सभामंडपात केलं. इंटरफेस आठ इनपुटचा. बुवांना एक माईक, हार्मोनियमला एक, पखवाजाला दोन (एक शाईच्या तोंडाला, एक कणकेच्या), टाळ-झांजांना एक, कोरसला दोन आणि शेवटचा मंडपाच्या मागच्या खांबापाशी. गजराचा कोरस नंतर पुन्हा घेतला, त्यामुळे ट्रॅक आणखी वाढले.

रीपरमध्ये ट्रॅक आणि बस असे दोन वेगळे प्रकार नाहीत, कुठलाही ट्रॅक बसचं (म्हणजे अनेक ट्रॅकचे आवाज एकत्र करण्याचं) काम करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मी 'सूर' (बुवा आणि हार्मोनियम), 'पखवाज' आणि 'कोरस' असे तीन फोल्डर केले. पखवाजाच्या फोल्डरवर रीकॉम्प (रीपरचा कंप्रेसर, जो मोठ्या थापा दाबतो) आहे. सगळ्यात खाली 'मंडप' नावाचा ट्रॅक असून त्यावर इम्पल्सवर (एखाद्या जागेच्या घुमण्याच्या नमुन्यावर) चालणारा रिव्हर्ब, म्हणजे जागेची घुमण देणारा प्लगइन, आहे. हा इम्पल्स त्याच सभामंडपात फुगा फोडून घेतला आहे, त्यामुळे नंतर घेतलेला कोरससुद्धा त्याच जागेत बसल्यासारखा वाटतो. हे जमलं याचा मला खूप आनंद आहे आणि तो रिव्हर्ब मला सोडायचा नाही.

अडचण अशी. शाईच्या ट्रॅकवरून 'मंडप'ला बऱ्यापैकी सेंड (आवाजाचा वाटा दुसऱ्या ट्रॅककडे पाठवणारी वाट) आहे, कणकेच्या ट्रॅकवरून अगदी थोडा, नाहीतर खालचा 'धुम' सगळीकडे पसरतो. पण 'पखवाज' फोल्डरचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) खाली आणला की मूळ पखवाज खाली जातो आणि रिव्हर्ब होता तेवढाच राहतो. पखवाज विहिरीतून वाजल्यासारखा येतो. गवळणीत बुवा हळू आवाजात गातात तिथे मला पूर्ण पखवाज मागे न्यायचा आहे. शिवाय मंडळातली पोरं पखवाज शिकताहेत, त्यांना सरावासाठी पखवाज अगदी कमी असलेली प्रत हवी आहे. सेंड पोस्ट-फेडरच आहेत, ते तपासलं. मग फोल्डरचा फेडर त्यांना लागू का होत नाही? प्रत्येक ट्रॅकचा फेडर वेगळा हलवणं हा एकच मार्ग आहे का?

प्रतिसाद १

ताई, आधी दोन गोष्टी बघून सांगा. ऑल्ट + आर दाबून रूटिंग मॅट्रिक्स उघडा आणि पखवाजाचे ट्रॅक फोल्डरखेरीज थेट मास्टरला (सगळं एकत्र होतं त्या शेवटच्या ट्रॅकला) किंवा दुसऱ्या कुठे जात नाहीत ना ते बघा. सेंड देऊन बस केली आणि ट्रॅकचं मास्टर सेंड चालूच राहिलं, तर तोच आवाज दोन वाटांनी पोचतो, ६ डीबीने चढतो आणि एक वाट बंद केली तरी दुसरी चालू राहते.

दुसरं म्हणजे, जो उरतो तो खरंच रिव्हर्ब आहे की बुवांच्या माईकमध्ये शिरलेला पखवाज? रूटिंगच्या खिडकीत प्रत्येक सेंडला स्वतंत्र म्यूट असतो. पखवाजाचे दोन्ही सेंड म्यूट करा. तरीही जे ऐकू येईल ती गळती, आणि ती कुठल्याही बसने जाणार नाही.

धागाकर्ती

धन्यवाद. 'मंडप'चे सेंड सोडले तर मॅट्रिक्समध्ये दुसरी वाट नाही, पखवाज फक्त फोल्डरमधूनच जातो. सेंड म्यूट केले तर विहीर गेली. बुवांच्या माईकमधून थोडा पखवाज येतोच, पण तो कोरडा आणि जवळचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एकाच मंडपात बसून गायचं तर तेवढं येणारच. म्हणजे प्रश्न सेंडचाच आहे.

प्रतिसाद २

रीपर नेमकं जसं वागायला हवं तसंच वागतंय. पोस्ट-फेडर म्हणजे *त्या ट्रॅकच्या* फेडरनंतर. शाईच्या ट्रॅकचा आवाज स्वतःच्या फेडरमधून बाहेर पडला की तिथेच त्याला दोन फाटे फुटतात: एक वर फोल्डरकडे, दुसरा थेट 'मंडप'कडे. फोल्डरचा फेडर पहिल्या फाट्यावर बसलाय, दुसऱ्याचा त्याच्याशी संबंधच येत नाही. हे आर्डरसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होईल आणि मोठ्या मिक्सिंग टेबलवरही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोन्ही ट्रॅकवरचे सेंड काढा आणि 'पखवाज' फोल्डरवरून एकच पोस्ट-फेडर सेंड द्या. फोल्डर खाली गेला की रिव्हर्बही तेवढाच खाली जाईल. यात तुमचं शाई-कणकेचं प्रमाण मात्र जाईल, दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात मंडपात जातील. त्यावर 'मंडप' ट्रॅकवर रिव्हर्बच्या आधी रीईक्यू (रीपरचा इक्वलायझर) लावून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. कणकेचा घुमारा रिव्हर्बमध्ये शिरणारच नाही, आणि हार्मोनियमचाही गढूळपणा कमी होईल.

प्रतिसाद ३

व्हीसीए वापरा. शिफ्ट + जीने ग्रुपिंगची खिडकी उघडते. एक रिकामा ट्रॅक घ्या, त्याला व्हीसीए लीड करा, पखवाजाचे दोन्ही ट्रॅक फॉलो. लीडमधून आवाज जात नाही, तो फक्त दोघांचे फेडर दुरून चालवतो. ट्रॅकचा स्वतःचा फेडर खाली गेल्यासारखंच असल्याने पोस्ट-फेडर सेंडही खाली जातात. सेंडचं प्रमाण जसंच्या तसं राहतं.

प्रतिसाद २

व्हीसीए चांगलाच आहे, पण यांच्या फोल्डरवर कंप्रेसर आहे. आतल्या ट्रॅकचे फेडर खाली गेले की कंप्रेसरकडे पोचणारा आवाजच कमी होतो. जी थाप आधी कंप्रेसरचा उंबरठा (ज्या पातळीपासून तो आवाज दाबतो ती) ओलांडत होती ती ओलांडत नाही, मग पखवाज नुसता हळू होत नाही, त्याचा पोतही बदलतो. गजरात घट्ट वाटणारी थाप गवळणीत सैल वाटेल. गवळणीपुरतं कदाचित चालूनही जाईल, पण ते तुम्हाला हवंय म्हणून व्हायला पाहिजे.

प्रतिसाद ४

मी कीर्तनाची रेकॉर्डिंगं करतो, तिथे मृदंगाचा हाच प्रश्न येतो. माझी रचना सांगतो, कारण तुमच्या तिन्ही गरजा (सेंडचं प्रमाण, कंप्रेसरचा पोत आणि एकच फेडर) त्यात सांभाळल्या जातात.

फोल्डरच्या आत फोल्डर करा. बाहेरचा 'पखवाज एकूण', त्यावर एकही प्लगइन नको. त्याच्या आत दोन गोष्टी शेजारी-शेजारी: तुमचा आत्ताचा 'पखवाज' फोल्डर रीकॉम्पसकट, आणि 'पखवाज मंडप' नावाचा नवा ट्रॅक, ज्यावर तुमच्याच इम्पल्सचा रिव्हर्ब, फक्त ओला (रिव्हर्बचा) आवाज, कोरडा (मूळ) पूर्ण बंद. शाई आणि कणकेचे सेंड मोठ्या 'मंडप'वरून काढून या नव्या ट्रॅकवर न्या, प्रमाण आहे तेच ठेवा.

आता कोरडा पखवाज कंप्रेसरमधून आणि रिव्हर्ब कंप्रेसरच्या बाहेरून, दोन्ही 'पखवाज एकूण'मध्ये भेटतात. तो एकच फेडर हलवायचा. कंप्रेसर त्याच्या आधी असल्याने त्याला काही कळतही नाही. गवळणीचं ऑटोमेशनही (फेडर कुठे किती हलावा याची नोंद) त्याच फेडरवर लिहा.

जागा तुटल्यासारखी वाटेल ही भीती नको. इम्पल्सवर चालणारा रिव्हर्ब रेषीय असतो. तीच फाइल आणि तेच सेटिंग दोन ट्रॅकवर लावून बेरीज केली काय किंवा सगळं एकत्र करून एकदाच लावलं काय, निकाल तोच येतो. ट्रॅकवर पुढे-मागे कंप्रेसर किंवा सॅच्युरेशन लावलंत तर मात्र हे लागू नाही. लॅपटॉपवर थोडा भार वाढेल तेवढाच.

धागाकर्ती

प्रतिसाद ४ प्रमाणे केलं आणि काम झालं! फेडर पूर्ण खाली नेला तर रिव्हर्बचा मागमूस नाही, बुवांच्या माईकमधला तेवढा हलका पखवाज उरतो. सरावाच्या प्रतीसाठी तो उलट उपयोगीच आहे, पोरांना लय धरायला आधार मिळतो. गवळणीत पखवाज मागे नेला तर तो खरंच मागच्या खांबाकडे सरकल्यासारखा वाटतो, थाप तशीच घट्ट. बुवांना ऐकवलं, त्यांनी गवळण पुन्हा लावायला सांगितली.

रीईक्यूने खालचं कापण्याची युक्ती मोठ्या 'मंडप'वर लावली, कोरसचे शब्द सुटे ऐकू यायला लागले. सगळ्यांचे मनापासून आभार.

एकच शेवटचं. अजून बाकीचे अभंग मिक्स करायचे आहेत, प्रत्येकाचा प्रोजेक्ट वेगळा आहे. ही सगळी जोडणी दर वेळी नव्याने करावी लागेल का? आणि मिक्सरमध्ये आता आतल्या ट्रॅकची गर्दी झाली आहे.

प्रतिसाद ४

'पखवाज एकूण'पासून आतले सगळे ट्रॅक एकत्र निवडा, राइट क्लिक करून ट्रॅक टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. ट्रॅकवरच्या ऑडिओ क्लिप त्यात नकोत, तो पर्याय बंद ठेवा. निवडलेल्या ट्रॅकमधले आपापसातले सेंड टेम्प्लेटमध्ये टिकतात. तुमची सगळी जोडणी या फोल्डरच्या आतच असल्याने काही सुटणार नाही. इम्पल्सची फाइल मात्र एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथून हलवू नका.

गर्दीसाठी व्ह्यू मेन्यूत ट्रॅक मॅनेजर आहे. त्यात प्रत्येक ट्रॅकसमोर मिक्सरमध्ये आणि ट्रॅकच्या यादीत दिसावा की नाही याच्या वेगळ्या खुणा असतात. आतले ट्रॅक फक्त मिक्सरमधून लपवा, डावीकडच्या यादीत राहू द्या, म्हणजे एखादी थाप दुरुस्त करायची झाली तर शोधावं लागणार नाही.