वळिवड्याच्या पोलिश बायकांवर कादंबरी : तपशील तपासून हवेत

प्रश्न
कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत (१९४३-४८) राहिलेल्या पोलिश बाईवर कादंबरी लिहितेय. नायिकेचा नवरा सैन्यात अधिकारी, रशियनांच्या कैदेत. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लोकांना फेब्रुवारी १९४० मध्ये हद्दपार केलं, तिथून सुरुवात करू का?

प्रतिसाद १
ताई, १३ एप्रिल १९४० घ्या. १० फेब्रुवारीला मुख्यतः वसाहतदार शेतकरी आणि वनरक्षक उचलले, तेही अख्ख्या कुटुंबासकट, आणि लाकूडतोडीला धाडले. एप्रिलमध्ये पकडलं ते आधीच अटकेत असलेल्यांच्या बायका-मुलांना आणि म्हाताऱ्यांना. त्यांतले बहुतेक कझाकस्तानात गेले. सरसकट ‘सायबेरिया’ लिहिलंत की पुढचं सगळं फसतं, कारण तिथे जंगल नाही, उघडा माळ आहे आणि सरपणाची मारामार. शेण आणि पेंढा पायांनी तुडवायचा, साच्यात घालून विटा पाडायच्या, उन्हात वाळवून रचायच्या. याला ‘किझ्याक’ म्हणतात. उन्हाळ्यात हे राहून गेलं, की हिवाळ्यात चूल थंड. हीच बाई तीन वर्षांनी कोल्हापुरात भिंतीवर थापलेल्या शेण्या बघणार आहे. तो प्रसंग अजिबात सोडू नका!

तिने घरून काय आणलं त्याची यादी करून ठेवा. पिसांची दुलई, चादरी, नवऱ्याचा कोट. पिठाच्या बदल्यात एकेक वस्तू जाईल तशी खोडत जा, नाहीतर विकलेला कोट शंभर पानांनी पुन्हा अंगावर दिसतो.

प्रतिसाद २
ऑगस्ट १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारने हद्दपार पोलिशांना माफी देऊन सोडलं, पण ती माफी म्हणजे घरी परतणं नव्हे. बायका मुलांना घेऊन दक्षिणेला, पोलिश सैन्य जमत होतं तिकडे निघाल्या. वाटेत टायफसने माणसं गेली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्रावरच्या क्रास्नोवोद्स्क या सोव्हिएत बंदरातून जहाजाने इराणच्या पहलवी बंदरात. तिथे उवांमुळे कपडे जाळले, डोकी भादरली. लेखक इथे हमखास मेजवानी घालतात. प्रत्यक्षात उपाशी आतड्यांना चरबीचं मटण सोसलं नाही, हगवणीने कितीतरी दगावले. नायिकेला मुलांपुढचं ताट ओढावं लागेल.

प्रश्न
नवऱ्याचं तिला कधी कळावं?

प्रतिसाद १
पत्रं १९४० च्या वसंतातच थांबतात, पण कातिनच्या जंगलात सोव्हिएत पोलिसांनी गोळ्या घातलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कबरींची बातमी फुटली एप्रिल १९४३ मध्ये. मधली तीन वर्षं ती वाटच बघतेय, तेव्हा त्याआधी तिच्या तोंडी ‘विधवा’ शब्द नको. आडनावही जपा, पोलिशमध्ये अशा आडनावाचं रूप बाईसाठी बदलतं : नवरा कोवाल्स्की, तर ती कोवाल्स्का.

आणि शेवटी तिला गावी पाठवू नका. युद्धानंतर पूर्व पोलंडमधलं ते गाव सोव्हिएत हद्दीत गेलं. छावणीतल्या अनेकजणी इंग्लंडला, पूर्व आफ्रिकेला गेल्या. त्याच बराकींत मग सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर.