प्रतिसाद : वैनींना भेटायला मी येते
तुम्ही लिहिलंय, कॅन्सरवरच्या पहिल्या केमोनंतर केस जायला लागल्यापासून खानापूरच्या तुमच्या वैनी खोलीबाहेर येत नाहीत. मीही त्यातून गेलेय. साधारण २-३ आठवड्यांत केस गळतात, उपचार संपल्यावर बहुतेकींचे परत येतात, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण पटलं कधी, तर निपाणीच्या एका आक्कांनी डोक्यावरचा पदर सरकवून बोटभर वाढलेले केस दाखवले तेव्हा.

दवाखान्यातच आम्हा पाचजणींचं जमलं. कागद कन्नडमध्ये असला की गोकाकची एक जण वाचून मराठीत सांगायची. काखेतल्या गाठी काढल्यावर हात वर जाईना, तेव्हा भिंतीवर बोटं चालवत पेन्सिलीनं खुणा करायचो, आज कोण किती वर पोचली. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला की सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे एकमेकींना बजावायचो. घरात थर्मामीटर ठेवाच.

आणि घरात वैनींचं ताट वेगळं केलं असेल तर आजच बंद करा. हा आजार शिवल्यानं होत नाही. याचा मला फार त्रास झाला होता.

वैनींना चालत असेल तर रविवारी सकाळच्या बसनं येते. सुती टोपी शिवून ठेवलीय.