मोबाईल स्टार्टर पासवर्ड चुकीचा धरतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, वावर घरापासून ३ किमी. सध्या लाइन रात्रीची, हरभऱ्याला पाणी चालू आहे. विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. फोन लावायचा, ४ आकडी पासवर्ड दाबायचा, मग १ दाबला की मोटर सुरू, २ ला बंद. दोन वर्षं बिनतक्रार चालला. आता निम्म्या वेळा त्यातली बाई म्हणते, 'पासवर्ड चुकीचा आहे'. काल रात्री ११ ला टॉर्च घेऊन निघालो तर धुऱ्यावर रानडुकरं!

सिम बदललं, दुसऱ्या फोनवरून लावलं, फरक नाही. उंदीर वायरी कुरतडायचे म्हणून दिवाळीत सगळं लोखंडी पेटीत बसवलं, बाकी काही बदल नाही.

आणखी एक. मी दाबतो तो आकडाच. त्याचा आवाज होतो, नेटवर्कमध्ये त्या आवाजाचे पुन्हा आकडे, तिकडे पुन्हा आवाज, त्यातून स्टार्टर पुन्हा आकडा काढतो. एवढी उलटापालट कायले?

प्रतिसाद १
भाऊ, मेख पेटीतच दिसते.

आधी उलटापालट. ही सुरांची पद्धत १९६३ची, तांब्याच्या तारेवरच्या फोनसाठी. त्या तारेतून आवाजच जायचा, म्हणून आकड्यालाही आवाज व्हावं लागलं. १ म्हणजे ६९७ आणि १२०९ हर्ट्झ एकाच वेळी. दोन सूर अशासाठी की बोलण्यातून चुकून तसा आवाज निघू नये. टूजीवर तर तुमचा फोन सूर पाठवतच नाही. 'बटण दाबलं', 'सोडलं' एवढा निरोप जातो आणि सूर एक्स्चेंज तयार करतं.

पुढे तो सूर सेकंदाला ८००० वेळा मोजून, २० मिलिसेकंदांचे तुकडे करून हवेतून तुमच्या स्टार्टरकडे येतो. तिथलं मॉड्यूल त्याचा पुन्हा आवाज करतं आणि डिकोडर त्यातून आकडा ओळखतो. लोखंडात रेंज पडली की तुकडे गळतात. सूर मध्येच तुटला की डिकोडरला वाटतं बटण दोनदा दाबलं. झाले ४ चे ५ आकडे.

पेटीचं दार उघडं ठेवून दहा वेळा फोन लावा. फरक पडला तर मेन स्विच पाडून, पेटीला भोक पाडून अँटेना बाहेर काढा. भोकाला रबर लावा, नाहीतर पत्र्याने वायर कापते.

प्रतिसाद २
माझा मिस्ड कॉलवर चालतो, सुरांची भानगडच नाही. फक्त नोंदवलेल्या नंबरवरून. पण नातू माझ्या फोनशी खेळला अन् मोटर तासभर सुरू.

धागाकर्ता
दार उघडं ठेवलं, दहाच्या दहा वेळा पासवर्ड घेतला! उद्या यवतमाळहून अँटेना आणतो. ३ मीटर वायरची चालेल का, की वायरच रेंज खाते?

प्रतिसाद १
३ चालेल. १० मीटरची देऊ लागला तर घेऊ नका.