प्रिंटर मध्येच थांबतो तेव्हा कागदाचा आकारही तपासावा

वर्डमधील फाइल छापताना प्रिंटर मध्येच थांबत असेल, तर ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी जोडणारे सॉफ्टवेअर) पुन्हा टाकावा, असा सल्ला दिला जातो आणि तो काही वेळा बरोबर असेल. पण प्रिंटर दरवेळी नेमक्या त्याच पानावर थांबून कागद मागत असेल, तर दोष बहुधा फाइलमध्येच असतो. वर्डमध्ये कागदाचा आकार संपूर्ण फाइलला एकच नसतो, तो प्रत्येक सेक्शनला, म्हणजे स्वतंत्र मांडणी असलेल्या भागाला, वेगळा असू शकतो, आणि दुसऱ्या फाइलमधून मजकूर चिकटवताना त्यासोबत सेक्शन ब्रेक (दोन भाग वेगळे करणारी खूण) आला, तर तिथला ‘लेटर’ हा अमेरिकेत वापरला जाणारा कागदाचा आकारही कधी कधी सोबत येतो. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा, तर लेटर सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. पडद्यावर हा फरक सहज लक्षात येत नाही, पण प्रिंटरमध्ये ए-४ कागद असताना लेटर आकाराचे पान आले, की तो थांबून तसा कागद मागू शकतो.

माझ्या भाचीचा प्रबंध नागपुरातील सीताबर्डीच्या एका दुकानात छापताना दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर अडकत होता आणि दुकानदाराने प्रिंटर तीनदा बंद-चालू करूनही उपयोग झाला नाही. त्या पानावर कर्सर ठेवून वर्डच्या लेआउट टॅबमधील साइज पाहिले, तेव्हा तिथे लेटर निघाले. पेज सेटअपमध्ये ए-४ निवडून ‘अप्लाय टू’ समोर ‘होल डॉक्युमेंट’ करताच पुढची सर्व पाने सुरळीत निघाली. मोठ्या तक्त्यांसाठी आडवी पाने ठेवली असतील, तर मात्र हा बदल एकदम न करता प्रत्येक सेक्शनमध्ये जाऊन करावा, नाहीतर ती पाने उभी होण्याची शक्यता असते.