शाळा म्हणते दाखला घेऊन जा. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, मदत हवी आहे

पिंपरीची_आई
मधल्या सुट्टीत दोन मुलांची मारामारी झाली. दुसऱ्याला नुसती समज दिली, माझ्या मुलाला मात्र काढतायत. त्या दुसऱ्या मुलाचे वडील शाळेला देणगी देतात. अर्ज शाळेनंच टाईप करून दिलाय, 'वैयक्तिक कारणास्तव', मी फक्त सही करायची. नाही केली तर दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहू म्हणाले. मग त्याला कोण घेईल? लवकर सांगा.

सह्यवारा
कितवीत आहे? शाळेनं लेखी काही दिलंय का?

जुनाजाणता
आमचे मास्तर छडीनं फोडून काढायचे, कुणाचं वाटोळं झालं नाही. आधी मुलाचा मोबाईल काढून घ्या.

पिंपरीची_आई
मोबाईलचा काय संबंध? शिक्षा दोघांना सारखी द्या, एवढंच म्हणतेय. सगळं तोंडीच चाललंय. पहिलीला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के मोफत जागांतून घेतलं होतं त्याला.

सह्यवारा
अहो, हे आधी सांगायचं! त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. म्हणून तर तुमची सही हवीय त्यांना. सही झाली की कागदावर तुम्हीच काढलंत.

कोकणी_बाणा
तो कायदा २०१९ ला बदलला.

सह्यवारा
तो बदल पाचवी-आठवीत नापास करण्याबद्दल आहे. काढून टाकायला मनाई तशीच आहे.

निवृत्त_बाई
मी शिक्षिका होते. एकच खोडी, पण डॉक्टरांच्या मुलानं केली तर 'चंचल आहे', पंचवीस टक्क्यांतल्यानं केली तर 'घरचं वळण'. स्टाफरूममध्ये हे सर्रास ऐकलंय. नववीत अशाच मुलांना १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरायला लावतात, म्हणजे शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के. बाहेरून बसवलेल्यांतली किती मुलं परीक्षेपर्यंत पोचतात, ते कुणी विचारत नाही. माझ्या वर्गातली दोन हुशार मुलं अशीच गेली, अजून सल आहे.

कोकणी_बाणा
सगळ्या शाळा तशा नसतात. आणि भांडून तिथंच ठेवलंत तर मुलाला रोज टोमणे. माझ्या भाच्याची शाळा बदलली, आता मजेत आहे.

निवृत्त_बाई
भाच्याला फी भरून दुसरी शाळा मिळाली असेल. यांना इथली मोफत जागा सोडावी लागेल.

पिंपरीची_आई
आठवीत आहे. तक्रार कुठे करू?

सह्यवारा
कलम ३२, स्थानिक प्राधिकरण. तुमच्याकडे महापालिकेचा शिक्षण विभाग. लेखी द्या, पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, नाही पटला तर बालहक्क आयोगाकडे अपील. तोवर मुलाला रोज शाळेत पाठवा, गैरहजेरीचं निमित्त मिळू देऊ नका. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली तेही लेखी विचारा. फक्त आठवी संपली की हे संरक्षण संपतं, म्हणून उद्याच द्या.

जुनाजाणता
पण मारामारी सुरू कोणी केली?

निवृत्त_बाई
कोणीही केली असो, कलम तेच. ताई, टाईप केलेला अर्ज परत देऊ नका, तक्रारीला त्याची प्रत जोडा.