एप्रिलमध्ये उजनीच्या फुगवट्यात गळ कुठे आणि केव्हा टाकावा?

काठावरचा_नवखा

नमस्कार. मी इंदापूर तालुक्यात उजनी जलाशयाच्या काठावरून रॉड आणि रीळ वापरून मासेमारी करतो. स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी घेतलेली आहे. दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा माघात, भुईमुगाची पेंड व कणीक यांच्या गोळ्यांवर रोहू आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) समाधानकारक मिळत होते. होळी उलटल्यापासून मात्र त्याच जागी, त्याच आमिषावर चिलापीच्या बोटभर पिल्लांशिवाय काहीही लागत नाही. पाणी बरेच मागे सरले आहे, हिरवे झाले आहे, आणि जिथे पूर्वी पुरुषभर खोली होती तिथे आता जेमतेम गुडघाभर पाणी उरले आहे. उन्हाळ्यात पहाटेच जावे असे सर्वजण सांगतात, म्हणून मी उजाडण्यापूर्वी पोहोचतो आणि ऊन चढले की परततो. जागा बदलावी, वेळ बदलावी की आमिष, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

भीमाकाठ

आपल्या प्रश्नातच बरेचसे उत्तर आलेले आहे. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडणे, सुरू झाले की उजनीची पातळी सतत उतरत राहते आणि उथळ पठारावर चरणारा मोठा मासा पाण्याबरोबर मागे सरकतो. मागे राहतात ती चिलापीची पिल्ले. वर्तमानपत्रात धरण शून्य टक्क्यांवर गेल्याची बातमी वाचून पुष्कळ जण गळ गुंडाळून ठेवतात, परंतु एकूण सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी जवळजवळ ६४ टीएमसी हा मृतसाठा आहे आणि तो या टक्केवारीत धरत नाहीत, म्हणजे टक्केवारी शून्य झाली तरी निम्म्याहून अधिक पाणी जागेवरच असते. मासा कमी झालेला नसतो, तो भीमेच्या जुन्या पात्राकडे आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या बुडीत चाऱ्यांकडे गेलेला असतो. आपल्याला शोधायची आहे ती या पात्राची कड.

ती शोधण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गळ न बांधता केवळ शिसे लांब फेकावे, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ताणून धरावा आणि शिसे तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजावेत. नंतर ते सावकाश ओढत आणावे. गाळावरून येताना शिसे जड, चिकटून आल्यासारखे लागते, तर मुरमावर किंवा दगडगोट्यांवर आले की रॉडच्या टोकाला बारीक टकटक जाणवते. पंखासारख्या दिशांनी असे चार-सहा वेळा केले, तर आकडे जिथे एकाएकी वाढतात ती कड सापडते. गाळ संपून मुरूम लागतो आणि लगेच खोली वाढते, अशी जागा मिळाली तर ती सोडू नये.

आता वेळेविषयी. पहाटेचा नियम सरसकट लावण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी हिरवे आहे याचा अर्थ त्यात शेवाळ भरपूर आहे. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते, परंतु रात्रभर तेच तो वापरते, त्यामुळे अशा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो नेमका उजाडताना, आणि सर्वाधिक असतो दुपारनंतर. त्यातच पाणी जितके तापते तितका त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. अशा पहाटे रोहू-मृगळ सुस्त असतात. आपण परतता त्या सुमारास, म्हणजे ऊन चढून तास-दोन तास झाल्यावर, त्यांचे चरणे सुरू होते. ऊन सोसवत असेल तर साडेआठ ते अकरा आणि पुन्हा साडेचारपासून अंधार पडेपर्यंत बसून पाहावे. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी कोणतेही आमिष चालणार नाही, असे समजावे.

मरळप्रेमी

भीमाकाठ यांचे विवेचन रोहू, मृगळ, सायप्रिनस अशा कार्प जातीच्या माशांपुरते पूर्णतः मान्य आहे, पण पहाट अगदीच निकालात काढू नये. मरळ थेट हवेतून श्वास घेते, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटल्याने तिचे फारसे अडत नाही. झुंजूमुंजू होताना, पाणवनस्पतींच्या कडेने किंवा उघड्या पडू लागलेल्या वेड्या बाभळीच्या खोडांलगत रबरी बेडूक (गळ बसवलेले बनावट आमिष) सावकाश ओढावा, मध्ये थांबवावा, पुन्हा हलवावा. धडक बसली की लगेच हिसका देऊ नये. मरळीने बेडूक तोंडात घेऊन वळेपर्यंत क्षणभर धीर धरावा.

एक विनंती मात्र आवर्जून करतो. या दिवसांपासून पुढे पावसाळ्यापर्यंत लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर खळबळ करत फिरताना दिसेल, तर त्याखाली राखण करणारे आईबाप असतात. ते भुकेने नव्हे, रागाने बेडकावर तुटून पडतात, म्हणून त्यांना पकडणे अत्यंत सोपे असते. ते गेले की बाकीचे मासे त्या पिल्लांचा काही वेळातच फडशा पाडतात. तिथे गळ टाकू नये.

पाणकणीस

वाऱ्याचा उल्लेख राहून गेला आहे आणि माझ्या मते एप्रिलमध्ये तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटला की वरचे पाणी आणि त्याबरोबर सूक्ष्म अन्न समोरच्या काठाकडे ढकलले जाते, लाटांमुळे प्राणवायूही मिसळतो आणि पाणी किंचित गढूळ होऊन मासा काठाजवळ यायला धजावतो. इंदापूरच्या बाजूने बसल्यास हा वारा बहुतेक ठिकाणी आपल्या पाठीमागून येतो. फेक लांब जाते म्हणून बरे वाटते, पण मासा दूर जात असतो. म्हणून जमिनीची जीभ जिथे पाण्यात शिरली आहे, तिच्या पश्चिमेकडील अंगाला, वारा तोंडावर घेऊन बसावे. ढगाळ, निवांत, उकाड्याचा दिवस असेल तर घरीच थांबावे. वळवाच्या आधीचे असे दिवस सर्वांत निरस जातात. आणि हे सर्व हिरव्या पाण्याचे गणित आहे. मावळातील पवना किंवा मुळशीसारख्या तुलनेने नितळ जलाशयांत मात्र पहाटेचा जुना नियम बऱ्यापैकी चालतो.

काठावरचा_नवखा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिलापीच्या पिल्लांचे काय करावे? कणकेचा गोळा तळाला पोहोचण्यापूर्वीच ती तो कुरतडून संपवतात.

भीमाकाठ

कणीक सोडावी. भिजवून उकडलेले हरभरे किंवा मक्याचे टपोरे दाणे वापरावेत. पिल्लांच्या तोंडात ते मावत नाहीत आणि रोहू-सायप्रिनस ते आवडीने उचलतात. तंगूस ०.३० मिलिमीटर पुरेसा आहे. चाऱ्याचा मारा, म्हणजे मासा जमवण्यासाठी पाण्यात सुटी पेंड टाकणे, थंडीत करत होता त्याच्या चौथाईवर आणावा, कारण गरम पाण्यात उरलेली पेंड लवकर आंबते, तळाचा प्राणवायू आणखी खाते आणि वर चिलापीची जत्रा भरवते. कडेवर मूठभर टाकून बुडबुड्यांकडे लक्ष ठेवावे. तळ उकरणारा मासा बारीक बुडबुड्यांची सरकती ओळ सोडतो. गाळातला वायू मात्र एकाच जागी मोठ्या बुडबुड्यांनी येतो.

मरळप्रेमी यांच्या सल्ल्याने पहाटे जाणार असाल तर उजेड पडेपर्यंत उघड्या गाळात उतरू नये. पाणी फार उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते, हे आपण जाणताच. तशाच बुडीत गावांच्या विहिरीही गाळाखाली आहेत आणि वरून त्या ओळखू येत नाहीत. गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळावरची पेरणी) झालेल्या, पीक उभे असलेल्या पट्ट्याच्या बांधावरून, शेतकऱ्याला विचारूनच पाण्यापर्यंत जावे. पातळी आठवड्यात बरीच हलते, तेव्हा शिसे टाकून कड मोजण्याचे काम दर खेपेला नव्याने करावे लागेल.